वाकायचं काम तारलीचं

मणका मोडला तेव्हा मी पडले नव्हते, घसरले नव्हते. न्हाणीतली अर्धी भरलेली बादली उचलायला वाकले आणि पाठीत काहीतरी कचकन झालं, एवढंच. मोठ्या वयनीने, म्हणजे माझ्या थोरल्या जावेने, निदानही लगेच जाहीर केलं, "चमक भरली गो तुका." आमच्या वाडीत चमक भरली की आधी तेल, मग शेक, आणि तरी नाही उतरली तर पायाळू माणूस. त्याने पाठीला पाय लावला की चमक पळते असा समज. आमचे पायाळू काका ऐंशीच्या घरातले. त्यांचा पाय हलकाच लागला हे माझं नशीब, कारण पुढे कुडाळला एक्स-रे काढला तेव्हा कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने चेपलेला निघाला.

त्याआधी खळ्यात अडखळून उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं, काढलं, विषय संपला. पन्नाशीनंतर बाईमाणूस नुसतं उभ्या उभ्या पडून हाड मोडून घेते तेव्हा हाडंच तपासायला हवीत, हे मला कुणी सांगितलं नाही. आता मीच भेटेल त्या बाईला सांगते. मणक्याची तर आणखी गंमत. चेपलेल्या मणक्यांपैकी बरेचसे कधी कळतच नाहीत. पाठदुखी म्हणून खपून जातात, बाई दोन बोटं बुटकी होते आणि सगळे म्हणतात, वय झालं.

कोल्हापूरला जाऊन डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केली. टेबलावर निवांत पडून राहायचं, वरून यंत्राचा हात फिरतो, दुखत-खुपत काही नाही. कागदावर टी-स्कोअर येतो, म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या हाडांच्या मानाने आपली किती विरळ झाली त्याचा आकडा. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ ही धोक्याची सुरुवात, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. ही मोजपट्टी जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेली. माझा कण्याचा आकडा उणे ३.३ होता. शाळेत इतकी वर्षं मुलांना गुण दिले, पण शून्याच्या खाली कुणाला पाठवलं नव्हतं.

औषधाचं फारसं सांगण्यासारखं नाही. वर्षातून एकदा झोलेड्रोनिक आम्लाची सलाईन, पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी सणकून ताप, अंगदुखी, मग काही नाही. आठवड्याची ड जीवनसत्त्वाची पुडी, कॅल्शियम, नाचणी, काट्यासकट खाता येईल अशी बारीक मासळी. खरी अडचण डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यात होती: "कमरेतून पुढे वाकायचं नाही आणि वाकून वळायचं तर मुळीच नाही." पुढे वाकलं की सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो, आणि विरळ झालेला मणका चेपतो तो नेमका तिथेच.

आता कोकणातल्या घरात न वाकता जगून दाखवा. केरसुणी खाली, विळी खाली, आमचं देवघर जमिनीपासून हातभर उंच. दोरीवरून टॉवेल पडतो, हातातून चमचा पडतो, चष्म्याचं घर, किल्ल्या, वर्तमानपत्र, सगळं पडतं. मनगट मोडल्यापासून माझ्या उजव्या हाताची पकड सैल आहे, त्यामुळे जरा जास्तच पडतं. पुतण्याने लांब दांड्याचा चिमटा पाठवला. बरा आहे, कागद उचलतो. ओला टॉवेल उचलत नाही, आणि लागतो तेव्हा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो.

मग मी उठणंच कमी केलं. खुर्ची बरी, पडवी बरी. पण हाड भाराने टिकतं. उभं राहिलं, चाललं, तर शरीर त्यात भर घालतं. बसून राहिलं तर हाडही जातं आणि मांडीतला जोरही जातो, आणि मग माणूस खरंच पडतं. पडायच्या भीतीनेच पडण्याची तयारी चालली होती.

तारली आली ती ह्या कामासाठी नव्हेच. ठाण्याच्या पुतण्याला नोकरीनिमित्त परदेशी जावं लागलं आणि त्याची दोन वर्षांची लॅब्रॅडोर आमच्या पडवीत येऊन पडली. तिचं आधीचं इंग्रजी नाव वयनीच्या तोंडी बसेना. डॉक्टरांनी खायला सांगितलेल्या मासळीच्या यादीत तारली पहिली होती, तेच नाव चिकटलं. पुतण्याच्या मुलीनेच फोनवर सांगितलं की बाहेरच्या देशांत असे कुत्रे अपंग माणसांना घरकामात मदत करतात. मला फक्त आंधळ्यांना वाट दाखवणारे कुत्रे ठाऊक होते. अमेरिकेतली त्यांची पहिली शाळा १९२९ सालची. वस्तू उचलून देणं, दार उघडणं, दिवा लावणं अशा कामांसाठी कुत्रे तयार करणारी संस्था कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये निघाली. तिथले कुत्रे दीडदोन वर्षं शिकतात. मालवण तालुक्यात असा तयार कुत्रा कुठून मिळणार? पुण्यातल्या एक ताई कुत्र्यांना शिकवतात, त्या व्हिडिओ कॉलवर शिकवायला तयार झाल्या. कुत्रीला नव्हे, मला.

पहिल्या कॉलवर त्यांनी तारलीकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "मावशी, दिवसभरात कुठली कुठली कामं करताना भीती वाटते, ती लिहून काढा." मी यादी केली. सगळ्यात वर लिहिलं होतं: खळ्याच्या चिऱ्याच्या पायऱ्या उतरताना कुत्रीचा आधार हवा. त्यांनी तीच आधी खोडली.

कारण असं. माझं वजन चोपन्न किलो, तारलीचं अठ्ठावीस. तिच्या खांद्यावर हात दाबून मी उठले-बसले तर तिचे सांधे आणि कणा जायचा. कुत्र्याकडून तोल सावरण्याचं काम जिथे घेतात तिथेही कुत्रा थोराड, वाढ पूर्ण झालेला, खुब्याचे एक्स-रे काढून पारखलेला लागतो, ताठ मुठीचा खास पट्टा लागतो, आणि तेव्हाही सगळा भार टाकायचा नसतो. बऱ्याच संस्था हे काम शिकवतच नाहीत. शिवाय मांजर दिसलं आणि आधार चार पावलं पुढे पळाला तर? आधाराला भिंतीतला दांडा आणि काठी. गवंडी बोलावून मी पायऱ्यांना लोखंडी कठडा करून घेतला. कुत्रीला फक्त वाकायचं काम द्यायचं, असं ठरलं. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच, आणि ती माझी नव्हे, ताईंची.

शिकवायला सुरुवात झाली ती "सोड" पासून, आणि त्यालाही कारण माझी औषधंच. माणसाला दिलेलं ड जीवनसत्त्व कुत्र्याला विषारी होऊ शकतं. माझी साठ हजार युनिटची पुडी जमिनीवर सांडली आणि मदतनीस बाईंनी, म्हणजे तारलीने, ती चाटून साफ केली, तर डॉक्टर तिच्यासाठी शोधावा लागला असता. म्हणून गोळ्या-पुड्या वरच्या फळीवर गेल्या, आणि "सोड" म्हटलं की तोंडाजवळचं काहीही असो, मान वळवायची, हे आधी पक्कं केलं.

मग उचलणं. ह्यात मला रस होता, कारण हे बालवाडी शिकवण्यासारखंच निघालं. बटणाचं पेन घ्यायचं. तिने हवं ते केलं की त्याच क्षणी टक् करून बटण दाबायचं आणि लगेच उकडलेल्या कलेजीचा बारीक तुकडा. टक् म्हणजे "हेच बरोबर." आधी गुंडाळलेल्या नॅपकिनला नुसतं नाक लावलं तरी टक्. मग तोंड उघडलं तर टक्. मग दातांत धरलं तर. मग क्षणभर धरून ठेवलं तर. तेव्हा कुठे नॅपकिन जमिनीवर ठेवला. लॅब्रॅडोरची जातच मुळी मारलेले पक्षी उचलून आणायला जोपासलेली, तोंड मऊ, त्यामुळे इथवर तारली भराभर आली.

अडलं पुढे. ती वस्तू आणायची आणि मोठ्या अभिमानाने माझ्या पायांशी टाकायची. पायांशी टाकलेली वस्तू उचलायला पुन्हा वाकायचं कुणी? ताईंनी युक्ती सांगितली. मी खुर्चीत बसायचं, शेजारी स्टुलावर पसरट टोपली. टोपलीत पडलं तरच टक्. पायांशी पडलं तर काही नाही, रागही नाही, मी पडवीच्या छपराकडे बघत बसायची. तारली नॅपकिनकडे बघायची, माझ्याकडे बघायची, कलेजीच्या वाटीकडे बघायची. एका दुपारी तिने तो उचलला, टाकला, परत उचलला, मान उंच करून टोपलीच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि तोंड उघडलं. अर्धा नॅपकिन आत, अर्धा बाहेर. मी पेन इतक्या जोरात दाबलं की त्याची स्प्रिंग उडाली. वयनी आतून ओरडली, "काय फुटला गो?"

टोपलीवरून मग माझ्या तळहातावर आलो. धातू मात्र कुत्र्यांना दातांत आवडत नाही. चमचा, किल्ल्या, पळी ती नाकाने ढकलत न्यायची. किल्ल्यांना जाड कापडाची पट्टी शिवली, बॅटरीच्या दांड्याला जुना मोजा चढवला. चष्म्याचं घर कातडी घेतलं. नुसता चष्मा उचलायला शिकवायचं नाही हे एक काच तडकल्यावर ठरलं. माजघराच्या दाराच्या कडीला आधी काथ्याची दोरी बांधली होती, पण काथ्या हिरड्यांना टोचतो. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्यांची वेणी घातली, ती तिला पसंत पडली. ती ओढून ती दार उघडते. बंद करायला अजून विसरते.

घराबाहेरचा भाग वेगळाच निघाला. मला वाटलं होतं, कुत्री घेऊन रोज फिरायला जावं, हाडांनाही चालणं हवंच. ताईंनी अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला, २०१९ मध्ये शल्यचिकित्सेच्या एका नामांकित नियतकालिकात आलेला. पासष्ट वर्षांच्या पुढची माणसं साखळीला बांधलेलं कुत्रं फिरवताना हाडं मोडून दवाखान्यात येण्याच्या घटना तिथे २००४ मध्ये अंदाजे १,६७१ होत्या, त्या २०१७ मध्ये ४,३९६ झाल्या. त्यात बायकाच जास्त, आणि मोडण्यात खुबा सगळ्यात पुढे. कुत्रं एक हिसका देतं आणि खुब्यावर निभावतं. म्हणजे जो प्राणी मला वाकण्यापासून वाचवणार, तोच मला आडवंही करू शकतो. तेव्हा साखळी माझ्या हातात नाहीच. शेजारचा दहावीतला मुलगा तिला सकाळी समुद्रावर नेऊन दमवून आणतो. मी माझी काठी घेऊन गडग्याच्या आतल्या आत, बागेतल्या सपाट वाटेने फेऱ्या मारते. ती मोकळी माझ्या मागून चालते, पुढून नाही आणि पायांत तर नाहीच. "मागे" हा शब्द तिला शिकवायला उचलण्यापेक्षाही चिकाटी लागली.

घरातही ती पायांत येऊ नये म्हणून गळपट्ट्याला घुंगरू बांधलं. काळोखात ती कुठे आहे ते ऐकू येतं. उंबऱ्यात आडवं झोपायची तिची सवय मोडून कोपऱ्यात गोणपाट घातलं, ती तिची जागा.

ह्या गोणपाटावरून वयनीशी वाद झालेला. तिचं म्हणणं, "कुत्रो राखणेक असता, माजघरात नाय." तिला देवघराची काळजी होती. माझा एकही मुद्दा चालला नाही. शेवटी बिबट्याने निकाल लावला. शेजारच्या वाडीतलं एक कुत्रं रात्री खळ्यातून उचललं गेलं. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि कुत्रं हा त्याचा सोपा घास. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला वयनी स्वतःच तारलीला आत घेऊन आली. "भायेर ठेवलंस तर सकाळी नुसतो पट्टो गावतलो," म्हणाली. तेव्हापासून दिवेलागणीला कुत्री माजघरात, फक्त देवघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे. तो उंबरा तारलीने न शिकवता पाळला, वयनीची नजरच तशी आहे.

पावसाळ्याने सगळ्याची परीक्षा घेतली. आमच्याकडे जूनमध्ये चिऱ्यावर शेवाळ धरायला लागतं ते गणपतीपर्यंत. तारलीच्या ओल्या पावलांनी कोब्यावर पाणी यायचं, तोही धोकाच. दाराशी जाड पायपुसणं घातलं, आणि पाय पुसल्याशिवाय आत नाही. पाय पुसायला वाकणार कोण? वयनी. तिने कुरकुर केली आणि केलं. ह्या दिवसांत वीज जाण्याचा नेम नसतो. भर रात्री पंखा थांबतो, मिट्ट काळोख होतो, आणि अशा वेळी चाचपडत उठणं म्हणजे पडायला निमंत्रण. आता मी अंथरुणात बसूनच "बॅटरी" म्हणते. घुंगरू वाजतं, कोपऱ्यात काहीतरी सांडतं, आणि लाळेने भिजलेला मोजा हातात येतो. लाळेचं कौतुक मला नाही. पण लाळ पुसता येते.

दुसरं शिकवलं ते वयनीला बोलावणं. आमचं घर लांबट, ती बहुतेक परसात, आणि तिला ऐकू कमी येतं. मी पडले आणि ओरडले तरी तिला कळणार नाही. हा लपंडावाचा खेळ म्हणून शिकवला. मी खोलीत, वयनी पडवीत. मी म्हणायचं "वयनी", तारलीने धावत जाऊन तिच्या हाताला नाक लावायचं, वयनीने तुकडा द्यायचा आणि तिच्यामागून माझ्याकडे यायचं. मग वयनी परसात, मग विहिरीजवळ, मग गोठ्यात. वयनीला हा खेळ इतका आवडला की ती तुकडे वाढवून द्यायला लागली आणि तारलीचं वजन वाढलं. डॉक्टरांनी, म्हणजे तिच्या डॉक्टरांनी, तिचं जेवण कमी करायला लावलं. मग गादीवर आडवी होऊन मी पडल्याचं सोंगही केलं, कारण कुत्र्याला उभ्या माणसाचा शब्द आणि आडव्या माणसाचा शब्द एकच वाटेल असं नाही. पहिल्यांदा ती येऊन माझ्याशेजारी लोळली.

खर्च विचारतात म्हणून सांगते, पैसा शिकवण्यापेक्षा सांभाळण्यात जातो. रेबीजची लस, आणि आपल्याकडे पावसात लेप्टो असतो म्हणून त्याची लस, दोन्ही दरवर्षी. गोचीड रोज बघावे लागतात. ते तारली स्टुलाजवळ उभी राहून बघू देते. दमट हवेत लॅब्रॅडोरचे कान चिघळतात, ते पुसावे लागतात. पानांच्या ढिगात तोंड घालायला सक्त मनाई, तिथे फुरसं असू शकतं. ज्याच्या घरी दुसरं धडधाकट माणूस नाही, त्याने हे एकट्याने अंगावर घेऊ नये असं मी स्पष्ट सांगते. कुत्र्याची चार कामं आपण केली तर तो आपली दोन करतो. आणि लहान पिल्लू तर मुळीच आणू नये. पिल्लू वर्षभर फक्त पायांतच येतं.

तारली नसती तर हाडं वेगळी झाली असती का? आकड्यातला फरक औषधाचा, आणि तो डेक्साच सांगेल, पुढची दिवाळीनंतर आहे. तारलीने हाडं भरली नाहीत. पण हातातून काही पडलं की माझ्या पोटात गोळा यायचा तो येईनासा झाला, आणि म्हणून मी उठते, ओट्याशी उभी राहून स्वयंपाक करते, बागेत फेऱ्या मारते. कधी कधी पडलेल्या चमच्याकडे माझ्याआधी तिचंच लक्ष जातं, आणि नसती वस्तूही ती आणून देते. परवा पोस्टमन बसला होता, त्याची चप्पल माझ्या मांडीवर ठेवली.

वयनीचं आता वेगळंच चाललंय. बागेत पोफळीखाली सुपारी पडते, ती गोळा करायला माणसं मिळत नाहीत. "हिका सुपाऱ्यो येचूक शिकव गो," म्हणून मागे लागली आहे. सुपारी कुत्र्याच्या पोटात जाणं बरं नाही, ते होणार नाही, असं मी सांगितलं. मग नारळ तरी, म्हणते. नारळ तिच्या तोंडात मावत नाही, तरी शेंडी धरून ओढत आणते का ते बघतोय.